स्पीड शंभरचा, तरी कॉल का अडकतो? दोष वेगाचा नाही, रांगेचा!

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची ऑनलाइन मुलाखत होती. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग समोरच्यांचे चेहरे थिजले, आवाज तुटू लागला आणि ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ यातच उरलेला वेळ संपला. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत आईच्या फोनमधून मावसभावाच्या लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते.

मी स्पीड टेस्ट केली. डाउनलोड १०० एमबीपीएस, अपलोड १०. म्हणजे प्लॅनप्रमाणे सगळं ठीक. कस्टमर केअरला फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘सर, मोठा प्लॅन घ्या.’ घेतला. पुढच्या रविवारी बॅकअप सुरू झाला आणि कॉल पुन्हा अडकला.

मी इंजिनीअरिंग केलंय, तरी हे कोडं सुटायला मला आठवडा लागला. सुटल्यावर मात्र राग आला. कारण या आजारावरचं औषध २०१२ पासून फुकट उपलब्ध आहे.

वेग वेगळा, उशीर वेगळा

एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात किती डेटा जातो. लेटन्सी म्हणजे एक पॅकेट पोहोचायला किती वेळ लागतो. व्हिडिओ कॉलला डेटा फार लागत नाही, पण तो वेळेवर लागतो. बोलण्यात एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. त्यापुढे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

मग बॅकअप सुरू झाल्यावर हा उशीर येतो कुठून? रांगेतून. तुमच्या राउटरमध्ये आणि मॉडेममध्ये पॅकेट थांबवून ठेवायची जागा असते. तिला बफर म्हणतात. आत येणारा डेटा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त झाला की पॅकेट तिथे रांग लावतात.

आता हिशेब करा. लिनक्समध्ये अशा रांगेची नेहमीची मर्यादा वर्षानुवर्षं १००० पॅकेट इतकी होती. एक मोठं पॅकेट १५०० बाइटचं. रांग भरली की झाले १५ लाख बाइट, म्हणजे १ कोटी २० लाख बिट. ते १० एमबीपीएसच्या अपलोडमधून बाहेर पडायला १.२ सेकंद लागतात. बहिणीच्या तोंडून निघालेला ‘हो’ या रांगेत शेवटी उभा राहिला, तर सव्वा सेकंदाने निघणार!

मंडप वाढवून दर्शन लवकर होत नाही

आषाढीला पंढरपुरात गर्दी वाढली म्हणून आणखी दहा मंडप टाकले, तर काय होईल? जास्त लोक सावलीत उभे राहतील. पण गाभाऱ्यातून मिनिटाला जितके पुढे सरकायचे तितकेच सरकणार. प्रत्येकाचं थांबणं मात्र लांबणार.

नेटवर्कमध्ये हेच घडलं. मेमरी स्वस्त झाली, तसे कंपन्यांनी बफर मोठे केले. हेतू चांगला होता, एकही पॅकेट हरवू नये हा. पण इंटरनेटवरचा बराचसा डेटा ज्या टीसीपी नियमाने चालतो, त्याचा जुना प्रकार पॅकेट हरवलं की मगच वेग कमी करतो. हरवणं हाच त्याच्यासाठी ‘पुढे गर्दी आहे’ असा निरोप. मोठ्या बफरमुळे हा निरोप फार उशिरा पोहोचतो. तोवर पाठवणारा पाठवतच राहतो आणि रांग तुडुंब भरते. म्हणूनच मोठा प्लॅन घेऊनही माझा प्रश्न सुटला नाही.

अमेरिकी अभियंते जिम गेटिस यांना २०१० मध्ये हाच त्रास स्वतःच्या घरी झाला. त्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला आणि या आजाराला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. म्हणजे फुगलेला बफर.

रांगेची लांबी नको, वेळ मोजा

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. तिची कल्पना साधी आहे. रांगेत किती पॅकेट आहेत ते सोडा, प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबलं ते पाहा. सलग १०० मिलिसेकंद हे थांबणं ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिलं, तर एक पॅकेट मुद्दाम टाकून द्या. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो, तो हळू होतो. टाकलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, त्यामुळे तुमचा फोटो अर्धवट राहत नाही.

त्याच वर्षी एरिक ड्युमाझे यांनी याला दुसरी कल्पना जोडली आणि ‘एफक्यू-कोडेल’ लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत आलं. यात एकच रांग नसते, १०२४ छोट्या रांगा असतात. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते ना? तसंच. कॉलची तुरळक, छोटी पॅकेट बॅकअपच्या लोंढ्यामागे उभी राहत नाहीत, झटकन निघतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत घरगुती राउटर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली ‘केक’ ही पुढची पद्धतही आली. या कामासाठी वर्षानुवर्षं झटलेले डेव्ह टाट २०२५ मध्ये गेले. हे सगळं मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणालाही वापरता येतं.

मग आपल्या राउटरमध्ये का नाही?

कंपन्यांची बाजूही ऐकू. स्वस्त राउटरचा प्रोसेसर दुबळा असतो. शेकडो एमबीपीएसवर हे काम बाहेरून करायचं तर त्याला दम लागतो. हे खरं आहे. पण मॉडेमच्या स्वतःच्या रांगेतच ही सोय दिली, तर तो बोजा पडत नाही. अमेरिकेतल्या कॉमकास्टने कोरोनाकाळात अशीच सोय असलेली आणि नसलेली, बाकी सारखी मॉडेम तपासली. अपलोड भरात असताना सोय नसलेल्या मॉडेमवर उशीर सरासरी २५० मिलिसेकंदांच्या आसपास होता. सोय असलेल्यांवर तो बहुतेक वेळा १५ ते ३० होता. लाइन तीच, वेग तोच.

माझं म्हणणं एवढंच आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांमध्ये लेटन्सी हा निकष आहे. लाइन भरलेली असतानाची लेटन्सीही ग्राहकाला दाखवणं बंधनकारक करा. जाहिरातीत ‘१०० एमबीपीएस’ लिहिता, त्याच्या शेजारी हा आकडाही लिहा. रिकाम्या रस्त्यावर गाडी किती पळते हे सांगून काय उपयोग? आम्ही घरी पोहोचतो ते संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून.

तुम्ही काय करू शकता?

फास्ट डॉट कॉम उघडा, टेस्ट झाल्यावर जास्त माहितीचं बटण दाबा. लेटन्सीचे दोन आकडे दिसतील, रिकाम्या लाइनवरचा आणि भरलेल्या लाइनवरचा. पहिला २० आणि दुसरा ३०० असेल, तर दोष रांगेचा आहे. दोन्ही आकडे जवळजवळ असतील आणि तरीही कॉल तुटत असेल, तर वाय-फायचा सिग्नल तपासा. तिथे ही पद्धत कामाची नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ असा पर्याय असेल तर सुरू करा आणि वेग मोजलेल्या आकड्याच्या साधारण ९० टक्के ठेवा. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग मॉडेमऐवजी राउटरच्या ताब्यात येते. पर्याय नसेल, तर निदान महत्त्वाच्या कॉलच्या वेळी बॅकअप थांबवा.

मी जुन्या राउटरवर ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ टाकून हे केलं. आता आईचे व्हिडिओ चढत असतात आणि आतल्या खोलीत कॉलही सुरू असतो. मोठा प्लॅन मी पुन्हा लहान केला. बहिणीची ती मुलाखत मात्र परत आली नाही. ‘पुन्हा कळवतो’ म्हणाले होते, अजून कळवलेलं नाही.