मोठी फाइल म्हणजे चांगला व्हिडिओ नव्हे

बिटरेट जितका जास्त तितके चित्र चांगले, आणि फाइल लहान करणे म्हणजे मूळ चित्राची नासाडी, असे अनेक व्हिडिओ संपादक ठामपणे मानतात. या मताचा पायाच कच्चा आहे. १९२० × १०८० पिक्सेलचे, सेकंदाला २५ फ्रेमचे साधे ८-बिट चित्र रंगाचे तपशील कमी करूनही कॉम्प्रेस न करता साठवले, तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. मोबाइल तेच दृश्य याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी माहितीत नोंदवतो. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, ते आधीच कॉम्प्रेस झालेले असते. तेव्हा कॉम्प्रेशन करावे की नाही हा वादच उरत नाही. ते कुठे आणि किती करावे, एवढाच प्रश्न राहतो.

फाइलचा आकार ठरतो बिटरेट आणि कालावधी यांच्या गुणाकाराने. दहा मिनिटांचा व्हिडिओ ५० मेगाबिटने काढला तर ३.७५ जीबी होतो, ८ मेगाबिटने ६०० एमबी. पण सरसकट ८ हा आकडाही योग्य नव्हे. २००३ साली आलेले एच.२६४ तंत्र एका फ्रेमपासून दुसरीत जे बदलते, तेच मुख्यतः नोंदवते. फळ्यासमोरच्या व्याख्यानाला म्हणूनच थोडे बिट पुरतात; लेझीमच्या मिरवणुकीला किंवा कोसळत्या पावसाला पुष्कळ लागतात. ठरावीक बिटरेट पहिल्या ठिकाणी वाया जातो, दुसऱ्या ठिकाणी अपुरा पडतो. यावर उपाय सीआरएफ पद्धतीचा: दर्जा ठरवून द्यायचा आणि बिट दृश्यागणिक वाटू द्यायचे. एक्स२६४ एन्कोडरमध्ये त्याचे मूळ मूल्य २३ आहे; आकडा उतरला की दर्जा आणि आकार दोन्ही वाढतात.

यावर आक्षेप येतो की यूट्यूब व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस करतेच, मग मोठ्यात मोठी फाइल का देऊ नये? दर फेरीत थोडा तपशील गळतो, हे खरे. म्हणून सीआरएफ १८च्या आसपास ठेवून थोडी सवड द्यावी, आणि एक्स्पोर्ट कॉम्प्रेस केलेल्या प्रतीवरून नव्हे, थेट टाइमलाइनवरून करावा. परंतु १०८०पी, ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओसाठी यूट्यूबची स्वतःची शिफारसच ८ मेगाबिटची आहे. तिच्या सहापट देण्याला ही सवड म्हणता येत नाही. डेटा स्वस्त झाला, हा दुसरा युक्तिवाद. पण थेट पाठवलेली ३.७५ जीबीची फाइल रोज दीड जीबी मिळणाऱ्या माणसाचा अडीच दिवसांचा डेटा खाते. जतनासाठी मोठी मास्टर प्रत जरूर ठेवावी; ती संपादकाच्या डिस्कवर शोभते. वाटायच्या प्रतीत मात्र प्रेक्षकाच्या डोळ्याला जे दिसते तेवढेच असावे, कारण उरलेल्याची किंमत तोच मोजतो.