हात हलता असेल तर वाइंडर कशाला?

बसवकल्याण तालुक्यातल्या मुडबीचे एक वाचक हैदराबादला नोकरी करतात. त्यांनी विचारलंय, ऑटोमॅटिक घड्याळांसाठी वाइंडर घ्यावा का? घरात तीन घड्याळं आहेत. वडिलांना लग्नात सासरवाडीहून आलेलं एचएमटीचं कांचन, चुलत्यांनी सौदीहून आणलेलं सियको 5 आणि पहिल्या बोनसमधून त्यांनी स्वतः घेतलेलं एक नवं. नवं रोज हातात असतं, जुनी दोन कपाटात बंद. मोबाईलवर त्यांना मखमली अस्तराचा एक डबा दिसला. आत घड्याळ अडकवायचं, वीज जोडायची, की ते ठरावीक वेळाने फिरत राहतं आणि कधी बंद पडत नाही. किंमत साडेचार हजार.

माझं उत्तर सरळ आहे. घेऊ नका. त्या पैशांत आधी दोन्ही जुनी घड्याळं उघडून, साफ करून, तेल घालून घ्या. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत अशी घड्याळं पडून आहेत आणि पुण्या-हैदराबादला कमावणारी मुलं आता ती पुन्हा हातात घालू लागली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते. एचएमटीचं जनता ज्यांच्या घरी होतं त्यांना आठवत असेल, सकाळी आंघोळ झाली की वडील ते कानाशी धरून किल्ली द्यायचे. किल्लीने आतली स्प्रिंग आवळली जाते आणि ती सैल होत होत काटे चालवते. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम पाठीमागचं एक अर्धगोल वजन करतं. त्याला रोटर म्हणतात. मनगट हललं की रोटर फिरतो आणि स्प्रिंग भरते. बहुतेक जुन्या घड्याळांत पूर्ण भरलेली स्प्रिंग चाळीस तासांच्या आसपास पुरते. आज रात्री दहाला काढून ठेवलेलं घड्याळ परवा दुपारी दोनच्या सुमारास थांबणार. हा दोष नाही. त्याची घडणच तशी आहे.

स्प्रिंग जास्त भरून तुटेल ही भीतीही नको. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीला पक्कं जखडलेलं नसतं. पूर्ण भरली की ते टोक डबीच्या आतल्या भिंतीवरून घसरतं. दिवसभर शेतात राबणाऱ्याच्या हातातही स्प्रिंग तुटत नाही, ती याच एका युक्तीमुळे.

स्वतःहून भरणाऱ्या घड्याळाची कल्पना जुनी आहे, अठराव्या शतकातली. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लच्या अब्राहम-लुई पेर्लेचं नाव त्यात घेतलं जातं. पण ती खिशातली घड्याळं होती आणि खिशात हालचाल ती किती होणार! मनगटावरचं ऑटोमॅटिक बाजारात आणण्याचं श्रेय जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीचं. त्याने 1923 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागचं कारण मला फार जवळचं वाटतं. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत धूळ आणि दमट हवा किल्लीच्या भोकातून शिरते, हे त्याने पाहिलं होतं. किल्लीच काढून टाकली तर भोकच उरणार नाही, असा त्याचा हिशोब. त्याच्या घड्याळाला बाहेर किल्ली नव्हती. काचेभोवतीची कडी फिरवून काटे लावायचे. पुढे 1931 मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला आणि आजची पद्धत रुळली.

तुरीची रास करताना उडणारा भुसा ज्याने नाकातोंडात घेतलाय त्याला हारवूडचं म्हणणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या घड्याळांचा पहिला शत्रू धूळ आणि दुसरा घाम. बंद पडून राहणं हा शत्रूच नाही.

वाइंडर विकणारे नेमकं उलटं सांगतात. घड्याळ थांबून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं, म्हणून ते सतत चालतं ठेवा, असं त्यांचं म्हणणं. जुन्या काळी प्राणिज तेलं वापरत तेव्हा यात तथ्य होतं. आता कृत्रिम तेलं असतात आणि ती काळाने, उष्णतेने, धुळीने खराब होतात. घड्याळ चालू असो वा बंद, तेलाचं वय वाढतच राहतं. चालवल्याने ते ताजं होत नाही. उलट, तेल संपलेलं घड्याळ चालवत ठेवलं तर चाकांच्या केसाएवढ्या टोकांची झीज सुरू होते. विहिरीत पाणी नसताना पंप चालू ठेवावा, तसं ते आहे.

थोडा हिशोब करू. सियको 5 मध्ये वर्षानुवर्षं 7एस26 नावाचं यंत्र येत होतं. ते तासाला 21,600 ठोके देतं. म्हणजे दिवसाला 5,18,400. वर्षाचे होतात 18 कोटी 92 लाखांवर. वाइंडरमध्ये ठेवलेलं घड्याळ हे सगळे ठोके देतं, तुम्ही ते हातात घातलं असो वा नसो. कपाटातल्या घड्याळाने त्यातला एकही दिलेला नसतो. दोन्हींची सर्व्हिसिंग एकाच दिवशी झाली असेल, तर पाच वर्षांनी कोणतं अधिक झिजलेलं असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणूनच मुडबीच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. चुलत्यांचं सियको कपाटातून काढून थेट वाइंडरला लावू नका. त्या घड्याळाची वाराची चकती इंग्रजी आणि अरबी असणार. आखाती बाजारासाठी ती तशीच यायची. अरबी अक्षरं दिसली की घरातली मुलं ते वाचून दाखवायला सांगत, असं आमच्याकडे घरोघरी ऐकलंय. अशी घड्याळं दहा-पंधरा वर्षं उघडलेलीच नसतात. हलवलं की चालतं, म्हणून ती ठणठणीत आहेत असं वाटतं. ती कोरडी चाललेली असतात. आधी साफसफाई, तेल, पाठीमागचं रबर नवं. मग हवं तेवढं वापरा.

कांचनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्याच्याशी आपली पिढी बांधलेली आहे. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना 1961 मध्ये बेंगळुरूला उभा राहिला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. पुढे तुमकुरूलाही कारखाना आला. आपल्याकडे लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ द्यायची रीत होती, आणि घड्याळांत कांचनला मोठा मान होता. ते मिळवायला लोक ओळखी काढत. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तुमकुरूच्या कारखान्याची जागा पुढे इस्रोकडे गेली. म्हणजे वडिलांच्या कांचनचा एखादा भाग वाइंडरमध्ये फुकट फिरून झिजला, तर तो नव्याने बनवणारा कारखाना आता नाही.

आणखी एक अडचण आहे, जी डब्यावर ठळक लिहिलेली नसते. सगळे रोटर दोन्ही बाजूंनी स्प्रिंग भरत नाहीत. सियकोचा भरतो, त्यांच्या 1959 च्या मॅजिक लिव्हरमुळे. सिटिझनच्या 8200 घराण्यातल्या यंत्रांचा एकाच दिशेने भरतो, दुसऱ्या दिशेने नुसता गरगरतो. वाइंडरची दिशा चुकली तर डबा दिवसभर फिरेल आणि घड्याळ तरी बंदच. फेऱ्यांचंही तसंच. बहुतेक घड्याळांना दिवसाला 650 ते 900 फेऱ्या पुरतात. स्वस्त डब्यांत हे नीट ठरवता येत नाही.

राहिला प्रश्न तारखेचा. बंद पडलं की वेळ, वार, तारीख पुन्हा लावावी लागते, ही तक्रार खरी आहे. पण भिंतीवर कालनिर्णय असलेल्या घरात हे एका मिनिटाचं काम आहे. फक्त एक पाळा. काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये असतील तेव्हा तारीख झटपट बदलू नका. त्या वेळात तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दात तुटू शकतो. आधी काटे सहावर आणा, मग तारीख.

कोणालाच वाइंडर नको, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे पर्पेच्युअल कॅलेंडरचं घड्याळ आहे, म्हणजे 30-31 चे महिने आणि लीप वर्षसुद्धा स्वतः ओळखणारं, त्यांनी खुशाल घ्यावा. ते थांबलं तर पुन्हा लावणं नाजूक काम असतं, कधी जाणकाराकडेच न्यावं लागतं. पण ती लाखांची घड्याळं. दुसरी गरज मला आपल्याच बाजारात दिसली आणि ती जास्त महत्त्वाची वाटते.

बसवकल्याणच्या बाजारात एक वयस्कर घड्याळजी बसतात. त्यांच्याकडे एक निवृत्त गुरुजी आपलं एचएमटी ऑटोमॅटिक घेऊन आले होते. तीस वर्षं बिनतक्रार चाललेलं घड्याळ आता रोज पहाटे बंद पडायचं. घड्याळजींनी पाठ उघडली, भिंगातून पाहिलं, आतलं बॅलन्सचं चाक जोरकस झुलत होतं. ते म्हणाले, "गुरुजी, घड्याळात काय बी बिघाड नाही. तुमचा हात बसून हाय." गुरुजींचे गुडघे गेल्यापासून ते दिवसभर खुर्चीत असतात. फळ्यावर लिहिणारा, सायकल चालवणारा हात थांबला आणि त्याबरोबर घड्याळाचं पोट भरायचं थांबलं. घड्याळजींनी त्यांच्या बोटांत किल्ली धरून दाखवली आणि रोज सकाळी पंचवीस-तीस वळसे द्यायला सांगितलं.

ऑटोमॅटिकलाही हाताने किल्ली देता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. मात्र सगळ्यांना नाही. 7एस26 असलेल्या सियको 5 ला देता येत नाही. त्याचं बटण चारच्या आकड्याजवळ, केसमध्ये दबून बसवलेलं असतं, कारण रोज हात लावायची गरजच पडू नये असा त्या घड्याळाचा बेत होता. 2019 पासूनच्या नव्या सियको 5 मध्ये 4आर36 यंत्र आलं, त्याला किल्ली देता येते. तेव्हा घरात एखादे आजोबा असतील, त्यांच्या हातात जुनं सियको असेल आणि हात फारसा हलत नसेल, बोटं थरथरत असतील, तर त्यांच्यासाठी वाइंडर घ्या. रात्री काढलेलं घड्याळ सकाळी भरलेलं मिळेल. त्यांना रोज कोणाला तरी हाक मारून वेळ लावून घ्यावी लागणार नाही. हे साडेचार हजार मला अगदी योग्य वाटतात.

आणि खरी गरज आहे ती घड्याळजीला. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्त झालेलं ऑटोमॅटिक आधी फिरत्या यंत्रावर ठेवून तपासतात; रोटर नीट भरतोय का, सगळ्या बाजूंनी वेळ सारखी राहते का. वाइंडर हा त्या यंत्राचाच घरगुती भाऊ. आपल्या घड्याळजींकडे ते यंत्र नाही. मी गेलो तेव्हा त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तीन घड्याळं होती. तिन्ही गिऱ्हाइकांची. दोन दिवस स्वतःच्या हातावर वागवून, वेळ बरोबर राहिली तरच ते घड्याळ परत देतात. एका सर्व्हिसिंगचे काही शे रुपये घेतात आणि त्यातही लोक घासाघीस करतात. शेजारी मोबाईल दुरुस्तीची तीन दुकानं आहेत, तिथे पोरं शिकायला बसलेली असतात. यांच्या टेबलाशी कोणी नसतं. डोळे थकले की दुकान बंद होईल, आणि मग आपल्या कपाटातली सगळी कांचन आणि सियको घेऊन आपण सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठायचं.

त्यामुळे वाइंडरसाठी काढून ठेवलेले पैसे तिथे जाऊ द्या. घड्याळ आज दिलं आणि संध्याकाळी हवं, असं म्हणू नका. त्यांचे दोन दिवस त्यांना द्या. आणि घरात एखादं मोडकं, काच फुटलेलं एचएमटी पडून असेल तर ते भंगारात घालू नका, त्यांच्याकडे नेऊन द्या. त्यातलं एखादं चाक, किल्ली किंवा रोटरचा स्क्रू दुसऱ्या कोणाच्या तरी चालत्या घड्याळाला लागतो. आता एचएमटीचे जुने सुटे भाग मिळायचा हाच एक भरवशाचा मार्ग उरलाय.

— सीमावासी