मंगळसूत्रात अडकलेला मस

माझ्या मानेवरचा मस तसा गरीब. चाळीस वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या महिन्यात आंघोळीनंतर केस वर घेताना त्यात मंगळसूत्र अडकलं आणि टॉवेलवर रक्ताचा ठिपका उमटला. दुपारी मस लाल होऊन ठणकायला लागला, संध्याकाळपर्यंत तीन सल्ले दारात. घोड्याचा केस बांध. चुना-सोडा लाव. नाहीतर पार्लरमध्ये जा, पाच मिनिटांत जाळून देतात.

मी साबण-पाण्याने जागा धुतली, स्वच्छ रुमाल दहा मिनिटं न उचलता दाबून धरला, वर व्हॅसलिन आणि पट्टी. मंगळसूत्र कपाटात. दुखऱ्या मसाला एवढंच लागतं. मस म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा एका जागी जमलेला घोळका. वर उचललेला असला की कॉलर, पट्टा, वस्तरा, साखळी सगळ्यांच्या वाटेत येतो. घासल्याने त्याचा कर्करोग होतो असं मानायला पुरावा नाही.

उलटं मात्र घडतं. मुळात कर्करोग असतो आणि आपण ‘लागलं असेल’ म्हणून गप्प बसतो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम आधी फुटबॉल खेळताना झालेली वाटली होती. १९७७ साली तो मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग निघाला, १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी मार्ले गेला. आपल्याकडे हा कर्करोग विरळाच, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली; म्हणजे आपण आरशात कधी बघत नाही तिथे.

म्हणून माझा राग त्या जाळण्यावर. चुन्याने खाल्लेला किंवा पार्लरमध्ये जाळलेला मस सूक्ष्मदर्शकाखाली बघणार कसा? वर छाती-खांद्यावर जाड वण उठण्याची भीती वेगळी. काढायचाच तर त्वचारोगतज्ज्ञाकडे, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना, हे तोंड उघडून विचारायचं. दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, काही न लागता रक्त आलं, कड वेडीवाकडी झाली, एकात दोन-तीन रंग दिसले, आकार वाढला, तर थांबायचं नाही.

माझी खपली दहाव्या दिवशी आपोआप पडली. मंगळसूत्र अजून कपाटातच आहे. सासूबाईंनी पाहिलंय, अजून बोललेल्या नाहीत.

— घरची परिचारिका