आठ तारांचा हिशेब

नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य आणि न मोजतां दोष देणारा गृहस्थ, दोघे सारखेच. गेल्या महिन्यांत कोरेगांव भीमा येथील आमच्या घरीं दुसरी भूमिका आम्हीं वठविली.

चिरंजीव परदेशीं निघाले होते. मोटार तासाभरानें यावयाची होती. त्यांच्या कैलासवासी मातोश्रींचीं छायाचित्रें व ध्वनिमुद्रणें, सुमारें ८० गिगाबाइट, घरच्या संगणकावरून त्यांच्या संगणकांत घालावयाचीं होतीं. मध्यें तार असूनही गति सेकंदास ११ मेगाबाइट. म्हणजे दोन तासांचें काम! आम्हीं इंटरनेट पुरविणाऱ्यावर रागावलों.

नातू म्हणाला, "आजोबा, घरांतल्या घरांत फाइल जातांना बाहेरच्या इंटरनेटचा संबंधच नाहीं." मग त्यानें हिशेब मांडला. ८ बिटांचा १ बाइट. म्हणून १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. पाकिटांवरील पत्त्यांचा भार वजा जातां ११-१२ उरतात. अर्थात् १००० मेगाबिटांची जोडणी १०० वर उतरली होती. शंभरास तारेच्या दोन जोड्या पुरतात. हजारास चारही, म्हणजे आठही तारा, शाबूत लागतात.

दाराखालीं चेपलेली तार सांपडली. ती बदलतांच गति दसपट झाली व काम अर्ध्या घटकेंत आटोपलें.

वाचकांनीं ध्यानांत ठेवावें: वायफाय असल्यास प्रथम राउटरजवळ बसून पाहावें, हजारों बारीक फाइली असल्यास एक गठडी बांधून पाठवावी. आधीं मोजावें, मग बोलावें, हें आम्हीं मुलांस जन्मभर शिकविलें. शिकलों मात्र आतां.