सिमेंटचा पत्रा: छप्पर स्वस्त, धूळ महाग

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वस्त्यांत पत्र्यांची कामे निघतात. कुणी फुटका पत्रा बदलतो, कुणी हुकासाठी भोक पाडतो, कुणी ग्राइंडरने तुकडा कापून न्हाणीला आडोसा करतो. पांढरी धूळ उडते, पोरे बघत उभी राहतात, मग घरातली बाई ती कोरड्या झाडूने झाडते. या धुळीकडे आता लक्ष द्यायला हवे, असे आम्हांला वाटते.

सिमेंटच्या पत्र्याला बळकटी यावी म्हणून त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू घातलेले असतात. ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. श्वासातून आत गेले की वर्षानुवर्षे फुप्फुसात रुतून बसतात. त्यांच्यामुळे फुप्फुसाचा आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. आजार दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे जातात. म्हणून साठीतल्या दम्या-खोकल्याशी तिशीत केलेल्या पत्र्याच्या कामाचा संबंध कुणी जोडत नाही. डॉक्टर विडीचे विचारतात, ते योग्यच आहे. विडी आणि ही धूळ एकत्र आली तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. पण कामाचे विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. धुळीचे कपडे धुणाऱ्या कामगारांच्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

घाबरून छप्पर उतरवू नका. धड पत्र्याखाली राहण्यात धोका कमी आहे. खरा धोका कापण्यात, घासण्यात, फोडण्यात आहे. म्हणून:

- पत्र्यावर ग्राइंडर चालवू नका. भोक पाडायचेच तर जागा ओली करून, हाताच्या ड्रिलने पाडा.
- धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडका पिशवीत बांधून टाका.
- फुटके तुकडे वाटेत भर म्हणून टाकू नका. आवाज होतो म्हणून पोरे ते शेकोटीत फोडतात, त्यांना अडवा.
- पत्र्यावरचे शेवाळ कोरडे खरवडू नका.

साठहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे ते परदेशातून येते आणि त्याचे पत्रे बनतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला आणि अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे ठेवायला सांगितले. पण नाक्यावरून रोजंदारीवर आलेल्या बिगाऱ्याची नोंद कोण ठेवतो? स्वस्त पत्रा ज्याला परवडतो, धूळही त्याच्याच वाट्याला येते. याला नशीब म्हणू नये. निदान अंगणवाडी, शाळा आणि समाजमंदिराचे नवे छप्पर अ‍ॅस्बेस्टॉसचे नको, एवढी मागणी प्रत्येक वस्तीने नगरसेवकाकडे आणि ग्रामपंचायतीकडे लेखी करावी, असे आमचे म्हणणे आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.