नेटवाल्याला शिव्या घालण्याआधी एक वायर लावून बघा

मागच्या महिन्यात इथंच एक पोस्ट टाकली होती. आपल्या गावातल्या नेटवाल्याची अगदी बिनपाण्यानं केली होती. लाइक भरपूर आले, कमेंटही बहुतेक 'बरोबर बोललात साहेब' छापाच्या. त्या पोस्टमधलं निम्मं चुकीचं होतं. पेपरात चूक झाली की आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा टाकून मोकळं होता येतं. इथं तसं करायला मन होईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

झालं असं. मुलगी बारावीला आहे. तिचा नीटचा ऑनलाइन क्लास रोज रात्री साडेआठ ते दहा. फी भरून बसलोय, आणि पडद्यावर सर अर्धं तोंड उघडं ठेवून गोठलेले. 'पप्पा, परत गेलं' ही आमच्या घरातली रोजची आरोळी. मी ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केला. फरक शून्य. मग चिडून पोस्ट लिहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला नेटवाल्याचा पोरगा दारात. वाटलं, भांडायला आला. त्यानं काही न बोलता लॅपटॉप काढला, राउटरला वायर खोचली आणि स्पीड टेस्ट लावली. ९२. मग वायर काढून तोच लॅपटॉप घेऊन माडीवर, मुलीच्या खोलीत गेला. ५. म्हणाला, "काका, लाइन तर दारापर्यंत आलीय. पुढं तुमच्या घरातच हरवतीय."

आमचं घर आजोबांच्या काळातलं. दगडमातीची, हातभर जाड भिंत. राउटर कुठं, तर हॉलमध्ये टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटाच्या कुशीत. का? तर तिथं प्लग होता आणि बायकोला ती वायर डोळ्यांसमोर नको होती. आपल्यातल्या निम्म्या घरांत राउटर असाच लपवलेला असणार, पैज लावतो. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. लोखंड त्यांना परतवतं, जाड भिंत खाऊन टाकते. त्यातही दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंत आली की दम सोडतो. २.४ चा लांब जातो, पण हळू. त्यावर शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी, मायक्रोवेव्ह ओव्हनचा त्रास वेगळाच. आमच्या माडीवरून शेजाऱ्यांची अकरा वायफाय दिसतात, एक तर 'मामाचा वाडा' नावाचं. माणसं पळी-पंचपात्रासारखी जपून ठेवतात ते यंत्र खरं तर उघड्यावर, उंचावर, घराच्या मध्यात हवं.

आम्ही राउटर जिन्याच्या वळणावर, डोक्याच्या उंचीला टांगला. मुलीच्या टेबलापर्यंत वीस मीटर लॅन वायर ओढली. टीव्हीलाही वायरच दिली. एका जागी बसून राहणाऱ्या वस्तूला वायफाय कशाला पाहिजे? हजाराच्या आत सगळं बसलं. पहिला मोह मात्र स्वस्तातला रिपीटर आणायचा होता. पोरग्यानंच अडवलं. तो एकाच पट्ट्यावर घेतो आणि त्यावरच पुढं देतो, त्यामुळं वेग साधारण निम्मा होतो. दुकानदार हे सांगत नाही.

आणि वेग तरी किती लागतो? चांगल्या एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतो, फोरकेला १५ धरा. म्हणजे चार माणसांच्या घराला ५० चा प्लॅन भरपूर झाला. मी १०० चे पैसे भरले ते माझ्या भिंतीला.

इथवर माझी चूक. आता उरलेलं निम्मं.

पोरगा आला होता सकाळी अकराला. क्लास असतो रात्री. वार्ताहराचा खवचट स्वभाव, म्हणून सलग सात रात्री नऊच्या ठोक्याला वायर लावून, बाकी सगळी यंत्रं बंद करून वेग मोजला आणि वहीत लिहिला. ६, ४, ११, ५, ३, ७, ४. सकाळी ९० च्या वर. इथं ना भिंत आड, ना कपाट. गावातली सगळी घरं एकाच वेळी मॅच नाहीतर मालिका लावतात आणि मागची मोठी लाइन तेवढी रुंद घेतलेली नसते. गिऱ्हाईक वाढवत न्यायचं, पाइप तोच ठेवायचा. नळाचं पाणी आपल्याला असंच येतं, त्यामुळं कुणाला नवल वाटत नाही.

जाहिरात वाचा. '१०० एमबीपीएसपर्यंत' असं लिहिलेलं असतं. सगळा धंदा त्या 'पर्यंत' वर चाललाय. सरकारी व्याख्येनं ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी ५१२ केबीपीएस होतं, २०२३ मध्ये ते २ एमबीपीएस झालं. म्हणजे माझ्या पोरीचे सर रात्री गोठले तरी कागदोपत्री आमच्या घरी ब्रॉडबँड आहेच! माझं म्हणणं सरळ आहे: कंपनीनं बिलावर संध्याकाळच्या गर्दीतला वेग छापावा. पेट्रोल पंपावर मापाला शिक्का लागतो, मग इथं का नको?

तोवर आपल्या हातात काय? चौकात नेटवाल्याच्या पोराला धरून बोलण्यात अर्थ नाही, तो पगारी आहे. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. नंबर नाही तर तक्रारच नाही. उत्तर समाधानाचं नसेल तर पुढची पायरी कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याची. ट्रायला थेट पत्र लिहून उपयोग होत नाही, ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत. आणि महिन्याच्या डेटाची मर्यादा संपून वेग उतरलेला नाही ना, तेही आधी बघा, नाहीतर पहिल्या फोनलाच तोंडघशी पडाल.

माझी तक्रार परवा गेली, नंबर मिळालाय. पण एका घराची वही कोण वाचणार? ज्यांच्याकडं हीच लाइन आहे त्यांनी सात रात्री नऊ वाजता मोजा, वायर लावूनच. वायफायवरचे आकडे पाठवू नका, ते मी स्वीकारणार नाही, पहिल्यांदा मीच तिथं फसलोय. तारीख, वेळ, प्लॅन, आकडा एवढं इनबॉक्समध्ये टाका. पंचवीस घरं जमली की एकत्र निवेदन घेऊन जाऊ. आणि तो पोरगा ही पोस्ट वाचत असेल तर, चहा राहिलाय आपला, ये एकदा.