वेडा कोण, फ्रँक की एरिक?

इयन बँक्सची 'द वास्प फॅक्टरी' ही कादंबरी 1984 साली आली. ती वाचलेले बहुतेकजण फ्रँकबद्दल एकच शब्द उच्चारतात: सायकोपाथ. एकदा हे लेबल चिकटवले की पुस्तक मिटून ठेवायला आपण मोकळे. मला हा निकाल मान्य नाही.

सोळा वर्षांचा फ्रँक स्कॉटलंडच्या एका छोट्या बेटावर बापासोबत राहतो. लहानपणीच त्याने तीन मुलांना मारले, त्यात धाकटा भाऊही. हे तो पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तसे सांगतो. त्याचा दिवस मात्र शिस्तीत जातो. बेटाच्या राखणीसाठी खांबांवर प्राण्यांची मुंडकी लावायची, जुन्या घड्याळाच्या तबकडीत गांधीलमाशी सोडायची आणि ती कोणत्या सापळ्यात मरते यावरून पुढचे भाकीत करायचे. एक दीनदार मित्र म्हणाले, घरात धर्म नसला की असे होते. अहो, कर्मकांडाची त्याच्याकडे कमी कुठे आहे? कमी आहे ती रहमची.

थोरला भाऊ एरिक डॉक्टरकीचे शिक्षण घेताना इस्पितळातल्या एका असहाय बाळाची अवस्था पाहून कोसळला. पुढे तो कुत्री जाळू लागला, ते भयंकरच. पण ज्याला दुसऱ्याचे दुःख सोसले नाही तो कोंडला गेला आणि ज्याला ते जाणवतच नाही तो मोकळा हिंडतो आहे. मग 'मनोरुग्ण' या शब्दाने नेमके काय कळले?

इथे शेवट सांगणे भाग आहे. कुत्र्याने चावून आपले पुरुषत्व गेले असे फ्रँकला सांगितलेले असते. प्रत्यक्षात ती मुलगी आहे. बाप तिला चोरून पुरुषी हार्मोन्स देत आला. 'म्हणजे हार्मोन्समुळे!' म्हणून वाचक सुटकेचा श्वास टाकतो. साफ चूक. हार्मोन्सने दाढी येते, बायकांचा तिरस्कार येत नाही. मारतो तो मर्द, ही व्याख्या कुठल्या गोळीत नव्हती. गमावलेल्या मर्दानगीची भरपाई फ्रँक त्या व्याख्येनुसार करत होता.

ती व्याख्या स्कॉटलंडपुरती नाही. बकरी ईदच्या सकाळी आमच्या घरी सहा वर्षांचा एक मुलगा रडत होता. आठ दिवस त्यानेच बकऱ्याला पाला खाऊ घातला होता. कुर्बानीला माझा विरोध नाही. पण कुणीतरी त्याला दटावले, "मर्द होके रोता क्या रे?" तो गप्प झाला, आणि सगळ्यांना बरे वाटले. मलासुद्धा.